टाळीचे वैरी ज्युरीनाना

थिएटरात टाळी पडली की ज्युरीनाना चष्मा काढत. मांडीवर पसरलेल्या रुमालावर तो ठेवायचा, डोळे मिटायचे आणि लोकांचा उत्साह ओसरेपर्यंत तसंच बसायचं. शिट्टी वाजली तर मानही फिरवायची. त्यामुळे त्या काळातले गाजलेले चित्रपट नानांनी तुकड्यातुकड्यांनी पाहिले होते, आणि ते तुकडे नेमके कंटाळवाणे असत. "काही नाही या चित्रपटात," असं ते बाहेर पडताना म्हणत, आणि त्यांच्यापुरतं ते खरंच असे.

नाना जळगावच्या दिवाणी कोर्टात वकील होते. शेताच्या बांधावरून होणाऱ्या भांडणांत त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. ऐंशीच्या सुमारास मुंबईतल्या कुठल्याशा महोत्सवाच्या निवड समितीवरचा एक सदस्य आजारी पडला आणि कोणाच्या तरी ओळखीने नानांना बोलावणं आलं. काही दिवस त्यांनी तिथे अंधारात बसून चित्रपट पाहिले, दुपारी फुकटचं जेवले आणि परत आले ते ज्युरी होऊनच. त्यानंतर त्यांचं प्रत्येक वाक्य "आम्ही ज्युरीवर असताना" अशा सुरुवातीचं असे. भाजीवाल्यालाही त्यातून सुटका नव्हती. गाव त्यांना ज्युरीनाना म्हणू लागलं. ही टिंगल आहे हे त्यांना कळलं नसेल असं मला वाटत नाही. त्यांनी ती सन्मान म्हणून दाखल करून घेतली. वकीलच होते.

त्यांनीच आमचं चित्रपट मंडळ काढलं. मंडळ निवडक चित्रपट दाखवी आणि दरवर्षी एका चित्रपटाला केळीच्या पानाच्या आकाराचं रौप्यपदक देई. निवड तिघेजण करत. अध्यक्ष नाना, दुसरे चंपाशेठ आणि तिसऱ्या धुळ्याच्या लीलाताई. चंपाशेठ कापडाचे व्यापारी. त्यांच्या पणजोबांनी राजस्थानातून येऊन थाटलेल्या दुकानाच्या वरचा हॉल त्यांनी मंडळाला वापरायला दिला होता. लीलाताई शाळेत मराठी शिकवायच्या आणि बैठकीसाठी एसटीने यायच्या. मी टेलिफोन खात्यात नोकरीला होतो आणि मंडळाचा चिटणीस होतो. चिटणिसाला मत नव्हतं. सतरंज्या त्याने घालायच्या.

आमच्या पदकाला पात्र ठरणारे चित्रपट लांबून ओळखू येत. त्यांत माणसं फार बोलत नसत. एखादा म्हातारा भिंतीकडे बघे, मग भिंत म्हाताऱ्याकडे बघे. पदक घ्यायला आलेल्या एका दिग्दर्शकाने तर भाषणातच सांगितलं, "मी प्रेक्षकांसाठी चित्रपट काढत नाही." नाना गहिवरून टाळ्या वाजवू लागले. दिग्दर्शकाचं म्हणणं खरं होतं हे रिकाम्या सतरंज्यांवरून दिसतच होतं. नानांना टाळ्या वाजवताना मी पाहिलं ते असं, एकट्यालाच.

चंपाशेठचं आणि त्यांचं कधी पटलं नाही, आणि म्हणूनच बहुधा ते रोज भेटत. शेठ प्रत्येक नवा चित्रपट पहिल्या आठवड्यात बघत आणि संध्याकाळी नाना दुकानात आले की गादीवर बसून त्याची बाजू मांडत. नाना फेटाळत. गिऱ्हाईक साडी हातात धरून ताटकळे.

अशात एका वर्षी तो उडणाऱ्या माणसाचा चित्रपट आला. हिंदी होता. दिवसा कचेरीत कारकुनी करणारा एक बावळट माणूस संकट आलं की अंगरख्यावर लाल शाल पांघरून आकाशात उडायचा आणि लोकांना वाचवायचा. जळगावात तो महिनोन्महिने चालला. एरंडोलकडून ट्रॅक्टर भरून माणसं येत. चंपाशेठच्या दुकानात लाल कापड संपलं.

बैठकीत शेठ म्हणाले, "नाना, या वर्षीचं पदक याला द्यायचं."

नानांनी चष्मा काढला. "कारण?"

"बठ्ठा जिल्हा, सगळाच्या सगळा, बघून आला."

"गर्दी हा गुण असेल तर पदक जळगाव स्टेशनला द्या."

"द्या की," शेठ म्हणाले. "स्टेशनवरून माणूस कुठेतरी पोचतो तरी. गेल्या वर्षीच्या तुमच्या म्हाताऱ्यात आम्ही सगळे भिंतीपाशीच राहिलो."

लीलाताईंनी विचारलं, "नाना, तुम्ही पाहिलाय का हा चित्रपट?"

"विषाची परीक्षा घ्यायची नसते."

"पण न पाहता निकाल? कोर्टात चालतं असं?"

इथे नाना सापडले. साक्षीदार न तपासता निकाल देणाऱ्या न्यायाधीशांवर त्यांनी जन्मभर तोंडसुख घेतलं होतं. जळगावातून चित्रपट तोवर उतरला होता, पण चोपड्याला चालू होता. रविवारी शेठच्या जीपमधून आम्ही चौघे निघालो. नाना पुढे बसले होते, चेहरा पंचनाम्याला निघाल्यासारखा.

चोपड्याचं थिएटर खच्चून भरलं होतं. सुरुवातीला नाना नियमाप्रमाणे चष्मा काढत होते, पण टाळ्या इतक्या पडायला लागल्या की त्यांचा हात दुखला असावा. शेवटी त्यांनी चष्मा डोळ्यांवरच ठेवला. मध्यंतरानंतर पुलावरून कोसळणारी एक बस तो उडणारा माणूस खालून झेलतो असं दृश्य होतं. लोक उभे राहिले. नानाही उभे राहिले आणि पडद्याकडे बोट करून, कोर्टातल्या खणखणीत आवाजात म्हणाले, "तार दिसतेय. त्याच्या कमरेला तार बांधलीय, बघा."

मागच्या रांगेतून एक शांत आवाज आला. "आम्हले बी दिसी ऱ्हायनी, नाना. खाले बसा."

कोणी हसलं नाही. त्या माणसाने टिंगल केलीच नव्हती, वडीलधाऱ्याला बसायला जागा दाखवावी तसं तो बोलला होता. नाना खाली बसले. बस वाचली, टाळ्या पडल्या. नाना पडद्याकडे बघायचे सोडून मागे वळून लोकांकडे बघत होते.

परतताना जीपमध्ये शेठना हसू आवरत नव्हतं, पण लीलाताई त्यांना डोळ्यांनी दटावत होत्या. तापीचा पूल ओलांडल्यावर नाना एवढंच म्हणाले, "त्यांना दिसतं, हे मला माहीत नव्हतं."

शेठनी तेव्हाच पदक जिंकल्याचं धरलं. पुढच्या बैठकीला ते पेढे घेऊन आले. नाना म्हणाले, "चित्रपट मी पाहिला. लोकांना मी मूर्ख समजत होतो, ते माझं चुकलं. तरी माझं मत विरोधातच आहे."

"का?" शेठनी पेढ्यांची पेटी बंद केली.

"त्याला टाळी मिळालीय, चंपालाल. भरपूर मिळालीय. पदक अशासाठी असतं ज्याने जीव तोडून काम केलं आणि टाळी मिळाली नाही."

"मग हे पदक नाही, नाना. सांत्वन आहे. नापास पोराच्या पाठीवरून हात फिरवल्यासारखं."

"नापास कोणी ठरवलं? गर्दीने?"

"आणि पास कोणी ठरवलं? तुम्ही एकट्याने?"

दोघांनी लीलाताईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "मला दोघांचंही पटतंय." शिक्षकाला असं म्हणायची सवय असते, पण त्या दिवशी ती महागात पडली. त्या तटस्थ राहिल्या, मतं समसमान झाली, आणि नानांनी अध्यक्षाचं जादा मत वापरलं. पदक विहिरीवरच्या एका चित्रपटाला मिळालं. त्या चित्रपटात विहिरीला पाणी लागत नाही. प्रेक्षकांच्याही हाती काही लागत नाही.

शेठ उठले. "हॉल वापरा," ते म्हणाले, "पण मला बोलावू नका." पेढे घेऊन गेले.

समारंभाला त्यांची खुर्ची रिकामी होती. विहिरीवाला दिग्दर्शक आला होता. त्याने कडक इस्त्रीचा झब्बा घातला होता आणि बाजारू चित्रपटांवर तो तोंडाला फेस येईपर्यंत बोलला. बोलता बोलता म्हणाला, "या खेड्यातल्या भाबड्या जनतेला माणूस खरोखर उडतो असं वाटतं."

नाना अध्यक्षांच्या खुर्चीवरून उठले. "तसं नाही," ते म्हणाले. "चोपड्याला सगळ्यांना तार दिसते. मी स्वतः चौकशी केलीय." आणि बसले. दिग्दर्शकाला पुढचं भाषण आठवेना. पदक त्याच्या हातात देताना नानांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

हे मी शेठना जाऊन सांगितलं. कापड मोजायचा गज खाली ठेवून त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग मत का नाही दिलं?"

पुढे बरेच महिने दोघे एकमेकांशी बोलत नव्हते. पण चित्रपट सुटला नव्हता. एकाच खेळाला येत, मधे एक रांग सोडून नाना पुढे आणि शेठ मागे बसत आणि त्या मधल्या रांगेत मला बसवत. नाना पुढे बघत म्हणत, "त्या कापडवाल्याला विचार, नायकाचा सदरा तरी बऱ्या कापडाचा होता का." मी मागे वळून विचारी. शेठ म्हणत, "टेरिकॉट होतं म्हणावं. आणि गाणं चाललं होतं तेव्हा वकीलसाहेबांची मान ताल धरत होती, तेही सांग." मी सांगे. आजूबाजूचे लोक आम्हा तिघांना ओरडत.

हे संपलं ते माझ्या बदलीने. मला धुळ्याच्या टेलिफोन कचेरीत पाठवलं, आणि निरोप्याच नाहीसा झाल्यावर दोघांना समोरासमोर भांडणं भाग पडलं. समेट वगैरे काही झाला नाही. नाना एका संध्याकाळी दुकानात गेले, गादीवर बसले आणि कालचा चित्रपट किती टाकाऊ होता ते सांगू लागले. गिऱ्हाईक पुन्हा ताटकळू लागलं. त्या समारंभानंतर बंद पडलेलं मंडळ मात्र परत उभं राहिलं नाही. व्हिडिओ आले, मग घरोघर केबल आली, आणि लीलाताईंनाही एसटीचा प्रवास झेपेना.

नाना गेले ते थंडीत. सकाळी माझ्या कचेरीत शेठचा फोन आला. "नाना गेला," एवढंच बोलले. त्यांच्या तोंडून मी नानांचा एकेरी उल्लेख पहिल्यांदा ऐकला. मी आणि लीलाताई दुपारच्या गाडीने जळगावला पोचलो.

शोकसभा दुकानावरच्या त्याच हॉलमध्ये झाली. कोर्टातले वकील बोलले, दोन प्राध्यापक बोलले. नानांनी कलेचा दिवा तेवत ठेवला, अभिजात अभिरुचीचं रोप लावलं, असं बरंच काही बोलून झालं. ज्यांनी मंडळाचा एकही चित्रपट शेवटपर्यंत पाहिला नव्हता ते सर्वांत जास्त वेळ बोलले. मग शेठ उठले. त्यांना भाषणाची सवय नव्हती, टेबलाला धरून उभे राहिले.

"नाना चुकीचा होता," ते म्हणाले. "त्याला सिनेमातलं काही कळत नव्हतं. हे मी त्याच्या तोंडावर सांगितलंय, म्हणून आता सांगायला हरकत नाही."

सभेत चुळबुळ झाली. नंतर शेठ जे बोलले ते आमच्याशी बोलत होते असं मला वाटत नाही.

"वीस-बावीस वर्षं मी पहिल्या आठवड्यात सिनेमा बघतोय. घरचे म्हणतात, याला नाद आहे. नाद कसला? संध्याकाळी नाना यायचा. त्याच्याशी भांडायचं तर आधी बघायला लागायचं." त्यांनी टेबलावरचा हात काढून घेतला. "या शुक्रवारीही नवा लागलाय. चांगला आहे म्हणतात. मी कशाला जाऊ?"

ते खाली बसले.