थोरल्या पातीचा किगोंगो

हिरव्या केळ्यांचा अर्धा घड सोलून झाला होता, अर्धा पानावर तसाच पडला होता, तेवढ्यात अंगणात किगोंगोचा आवाज आला आणि नालोंगोने सुरी खाली ठेवली. नालोंगो म्हणजे जुळ्यांची आई. बुगांडात बाईला याहून मोठा मान नाही. तिच्या नवऱ्याला टेकडीवर पुरून वर्ष झालं होतं. त्याच्या आज्या-पणज्यांची थडगीही तिथंच. ज्याची थडगी त्याची जमीन, म्हणून केळीची बाग त्यांच्या नाकतोडा कुळाची, पर्यायाने तिच्या मुलांची.

आता स्वतःला नवऱ्याचा भाऊबंद म्हणवणारा किगोंगो म्हणत होता, ती थडगी माझ्या वाडवडिलांची.

माणूस कसला, तर जन्मात एक काम धड केलं नाही असा. कुणी गेलं की रडायला शेवटी आणि जेवायला आधी. झाडाची साल कुटून वस्त्र करायला शिकायला गेला, तो तिसऱ्या दिवशी खांदा धरून परत. जीभ तेवढी राबायची. पण पूर्वजांच्या थडग्यांवरून खोटं बोलताना जी अडखळत नाही, ती जीभ कसली, नुसता मांसाचा गोळा.

कुळातले सर्वांत वडीलधारे, ज्यांना सगळे जाजा म्हणत, ते निवाड्यासाठी चटईवर बसले. किगोंगोने छाती फुगवली.

"आमचा मूळपुरुष पश्चिमेकडून गुरं हाकत आला, तेव्हा इथं राजा नव्हता की राजाचा ढोल नव्हता. नुसतं रान! आम्ही थोरली पाती. या वहिनीचं घर धाकट्यांचं."

"कुणाची रे वहिनी?" गुडघ्यांवर बसलेली नालोंगो म्हणाली. "नवरा खितपत पडला होता तेव्हा दीर कुठं होता?"

"बायकांनी मधे बोलू नये."

"बोलू दे," जाजा म्हणाले. "बाग तिनं राखलीय."

मग तिने गोड आवाजात विचारलं, "दादा, वडील नाकतोडा कुळाचे, ते कळलं. आईचं कूळ कोणतं?"

किगोंगोला मोठेपणा आवरला नाही. "आईसुद्धा नाकतोडाच! दोन्हीकडून अस्सल!"

मग शेजारची बाबीर्ये म्हणाली, "अगं बाई! म्हणजे याच्या बापानं बहिणीलाच बायको केली?"

"एका कुळातली सगळी भावंडं," जाजांनी तोंड फिरवलं. "असं लग्न आमच्यात कधी झालं नाही, होणार नाही. तू एकतर खोटारडा, नाहीतर तोंड बघू नये असा. काय ते वाटेत ठरव."

"मला आईची आई म्हणायचं होतं..."

कुणी ऐकलं नाही. जाताना तो चुलीकडे रेंगाळून बघत गेला. थांब, जेवून जा, असं म्हणणारं तिथं कोणी नव्हतं.

जाजांनी केळीची दारू जमिनीवर शिंपडली आणि बाग नालोंगोच्या मुलांची म्हणून सांगितलं. तिने कपाळ मातीला टेकवलं. वाद मिटेपर्यंत थडग्यांना कुणी हात लावायचा नाही असं त्यांनीच बजावलं होतं. महिनाभरात गवत माजलं होतं.

कुदळ घेऊन ती नवऱ्याच्या थडग्यावरचं गवत काढायला टेकडीकडे निघाली.