कोठारं तपासणाऱ्या बाई

माझं लिहिणं चुकतं आणि अक्षरही वाकडं आहे, माफी असावी. चौथीनंतर पेन फारसं हातात आलं नाही. पण बाईंबद्दल लिहायचं ठरवलं आहे, तर लिहिणारच.

काहीही बिघडलं की बाई चष्मा डोक्यावर सरकवून विचारायच्या, "त्याच्या आधी काय केलतं?" दूध नासलं तरी हेच. दूधवाला एकदा वैतागून म्हणाला, "गाईले विचारून सांगतो, बाई!"

"विचारा. मी लिहून घेते."

दारव्ह्यात बियाण्यांच्या दुकानावरच्या खोलीत त्या काम करायच्या. मी झाडलोट आणि चहा बघायची. वयाने मी मोठी, म्हणून मला काकू म्हणत. बाई मूळच्या बंजारा तांड्यावरच्या. आईचा फोन आला की "याडी!" म्हणून त्यांच्या बोलीत सुरू.

काम काय ते त्यांनीच मला समजावलं. कोऱ्या कॉम्प्युटरला चालवणारी सिस्टीम आधी आत भरावी लागते. ती भरणारा प्रोग्रॅम तो इन्स्टॉलर. लागणारं सामान तो नेटवरच्या कोठारांतून आणतो. त्या कोठारांना रिपॉझिटरी म्हणतात. "मानूस कुठं कुठं चुकू शकते, ते आपन आधीच चुकून पाहाचं," बाई म्हणायच्या.

त्यांच्या वहीत तीन रकाने होते. काय करायचं, काय व्हायला पाहिजे, काय झालं. कोठाराचा पत्ता चुकला तर? एकच कोठार दोनदा दिलं तर? कोठार सापडलं पण आत काहीच नसलं तर? तुम्ही पाहिलं असतं तर तुम्हालाही वाटलं असतं, या बाई दिवसभर वाईटच चिंततात.

ती सिस्टीम तालुक्यातल्या शाळांत जायची होती. त्यात बाईंच्या तांड्याची शाळाही होती. एका सोमवारी इन्स्टॉलरने "पूर्ण झालं" असं दाखवलं, आणि मशीन उघडलं तर आत लिहायचा, चित्रांचा, कसलाच प्रोग्रॅम नाही. बाईंनी इन्स्टॉलर बनवणाऱ्या पुण्याच्या कंपनीला कळवलं. उत्तर आलं, आमच्याकडे असं होत नाही, करून दाखवा. शुक्रवारी संध्याकाळी सगळं शाळांकडे रवाना होणार होतं.

बाईंनी पुन्हा करून पाहिलं. अकरा वेळा. एकदाही बिघडलं नाही. फोनवरचा माणूस हसला, "मॅडम, तुमच्याकडे लाइट गेली असेल."

"लाइट नव्हती गेली. मी शोधतेच."

मला माहीत होतं. सोमवारी मशीनमागे झाडताना झाडू नेटच्या वायरीत अडकला आणि वायर निघाली. मी झटकन परत खोचली. काम जाईल म्हणून गप्प राहिले. चहा ठेवताना मान वर होत नव्हती.

शुक्रवारी सकाळी बाई चहा न घेताच पुन्हा बसल्या. मला पाहवेना.

"बाई, माह्याच्यानं झालं. वायर निघालती."

त्या उठल्या. मला वाटलं, संपलं.

"कवा? पडद्यावरची पट्टी कुठवर आलती?"

"हिरवी पट्टी अर्ध्यावर होती."

"काकू! आन् चार दिवस कायले लपवलं?"

"कामावरून काढाल म्हनून."

"आता झाडू नाही आनला तर काढीन!"

बाईंनी इन्स्टॉलर पुन्हा चालू केला. पट्टी अर्ध्यावर आली. बाई मोबाइल धरून उभ्या राहिल्या. "ओढा."

जाणून बिघडवायला माझा हात धजेना.

"ओढा काकू. शाळेत लेकरायसमोर बिघडन्यापेक्षा इथं बिघडलेलं बरं."

मी ओढली, परत खोचली. पट्टी मुकाट पुढे गेली, "पूर्ण झालं" आलं आणि आत काहीच नाही. बाईंनी व्हिडिओ पाठवला. खाली लिहिलं, नेट जाऊन कोठार तुटलं तर जागीच थांबा आणि माणसाला समजेल अशा मराठीत सांगा. दुपारी फोन आला. रवानगी थांबवली होती.

बाईंनी वहीत चौथा रकाना आखला, कोणी शोधलं. त्यात माझं नाव लिहिलं.

"माहं नको, बाई."

"ज्यानं शोधलं त्याचंच येते." विषय बंद.

दिवाळीनंतर बाई हैदराबादला गेल्या. त्या खोलीत आता बियाण्यांची पोती आहेत. मी शाळेत खिचडी शिजवते. मागच्या आठवड्यात तिथे नवीन कॉम्प्युटरमध्ये सिस्टीम भरायला लावून मास्तर बाहेर गेले होते. पट्टी मध्येच थांबली. लेकरं माझ्याकडे पाहू लागली. चारचौघांत माझा आवाज निघत नाही. तरी पडद्यावरचं मोठ्याने वाचलं, "सामान आणता येत नाही. नेटची वायर तपासा."

मागे गेले, वायर घट्ट केली. पट्टी चालू लागली.