गुरुबंधूची शिफारस

पुण्याच्या एका दैनिकात मी एकवीस वर्षं आर्थिक सदर लिहिलं. राहायला तळेगावात. सकाळी पोथीचा अध्याय वाचायचा, मग कामाला बसायचं. सदराची सुरुवातही बहुतेक वेळा एखाद्या ओवीनेच व्हायची. कागद स्वतः पाहिल्याशिवाय कुणाबद्दल चांगला शब्द लिहायचा नाही, हा माझा नेम होता. तो मी एकदाच मोडला.

लोणावळ्याच्या आमच्या सत्संगातले एक गुरुबंधू बेडशाच्या बाजूला प्लॉट पाडून विकत होते. गुरुवारच्या पंगतीत ते स्वतः वाढायचे, खरकटी ताटंही उचलायचे. अशा माणसाकडे सातबारा मागायची मला लाज वाटली. सदरात मी लिहिलं, माणूस खात्रीचा आहे.

जमीन त्यांची नव्हतीच. वर्षभरात त्यांच्या ऑफिसला कुलूप लागलं आणि मला वाचकांचे फोन येऊ लागले. त्यातला एक लोहगडवाडीहून होता. मी गेलो. गडावर येणाऱ्यांना पिठलं-भाकरी करून घालणाऱ्या एका विधवेने मुलीच्या नर्सिंगसाठी साठवलेलं सगळं त्या प्लॉटमध्ये घातलं होतं. माझ्या लेखाचं कात्रण तिने प्लास्टिकच्या पिशवीत जपलं होतं.

"कागद बगितलं नव्हतं का, भाऊ?"

"नाही, मावशी."

"मग लिवलं कशापायी?"

ती चुलीकडे वळली. "मला वाचाया येत न्हाई. पोरीनं वाचून दावलं. म्हनली, देवाधर्माचा मानूस हाय, खोटं न्हाई लिवायचा."

त्यानंतर पोथी उघडली की डोळे ओळीवर असत, मन नसे. मी सगळं लिहून काढलं, माझ्या चुकीसकट.

संपादक म्हणाले, "फसवणुकीची बातमी घेऊ. तुमचा भाग काढा."

मी काढला नाही. लेख छापला गेला नाही, पुढच्या महिन्यात सदरही बंद झालं. वडगावला जाऊन मी पोलिसांना जबाब दिला, तेव्हा सत्संगातून निरोप आला: घरातली गोष्ट चव्हाट्यावर नेलीत, आता येऊ नका. खटला अजून चालू आहे. पैसे कुणालाच मिळालेले नाहीत.

ती मुलगी आता कुसगावच्या एका हॉटेलात खोल्या आवरते. मागच्या उन्हाळ्यात तिला भेटलो आणि म्हणालो, "कॉलेजची फी मी भरतो."

"नको, काका," ती म्हणाली. "तुमचं घेतलं तर आई जेवायची न्हाई."

एवढं बोलून ती चादरींचा गठ्ठा उचलून जिन्याने वर गेली.