ग्रेडर मामांची बोटं

मूठभर कापूस उचलायचा, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढायचा आणि डोळे मिटून धाग्याची लांबी सांगायची, असा माणूस दिग्रसच्या आमच्या जिनिंग कारखान्यात एकच होता. सगळे त्यांना ग्रेडर मामा म्हणत. मी तिथे फिटर होतो. भाव पडलेली वर्षं होती. मामांनी ग्रेड खाली लावली की गाडीवाल्याचा चेहरा पाहवत नसे, म्हणून ते घाई करत नसत.

जिनिंगमध्ये काडी पेटवायला बंदी. मामा दिवसातून पंधरा-वीस वेळा फाटकाबाहेर जाऊन सिगारेट ओढत. कधी मीही सोबत असे. "यानं चालनं होते," ते गंभीरपणे सांगत.

एका हंगामात ते फाटकाच्या वाटेवर मध्येच थांबू लागले. पोटरी धरून उभे राहत, मग पुन्हा चालत.

"काय झालं मामा?"

"काही नाही. पाय दम घेऊन राह्यला."

पुढे पायाच्या करंगळीला चपलेनं जखम झाली. ती महिनाभर भरेना, तेव्हा मी त्यांना यवतमाळला नेलं. डॉक्टर बाईंनी समजावलं, सिगारेटनं रक्तवाहिन्या आतून खराब होतात, आकसतात, रक्त पुढे जात नाही. आज पाय, उद्या हात, परवा हृदय.

"चारवर आनतो," मामा म्हणाले.

"एकही नको, काका."

"मंग तुमी भावाची बोलनीच नाही करत," मामा म्हणाले आणि बाहेर येऊन त्यांनी सिगारेट पेटवली.

थंडीत त्यांच्या हाताची बोटं पांढरी पडू लागली. एका सकाळी तांड्यावरची एक बाई गाडी घेऊन आली. मामांनी कापूस ओढला आणि ग्रेड खाली सांगितली.

"मामा, कालच्याच वावरातला हाये. काल तुमीच चांगला म्हनला होता."

मामांनी पुन्हा ओढला. तिसऱ्यांदा ओढला. मग तो पुंजका गालाला लावून बराच वेळ उभे राहिले.

"कापूस चांगला हाये, बाई. माहे बोटं खराब झाले."

वरची ग्रेड लावून ते सरळ मॅनेजरकडे गेले आणि ग्रेडिंग सोडलं. सिगारेटही त्याच दिवशी सोडली. तीन महिने ते कुणाशी धड बोलले नाहीत. पायाची करंगळी कापावी लागली. हाताची बोटं वाचली, पण त्यांतली जाण परत आली नाही.

नंतर ते नेरला लेकीकडे राहायला गेले. एकदा भेटून निघालो, तर मला बसपर्यंत सोडायला आले. माझ्या खिशातलं सिगारेटचं पाकीट त्यांना दिसलं असावं.

"चप्पल काढ," म्हणाले, आणि भर स्टँडवर वाकून त्यांनी माझ्या पावलावर बोटं टेकवली. वडीलधारा माणूस माझ्या पाया पडतोय असं वाटून लोक बघू लागले. मी मागे सरकलो.

"हाल नको. इथं नाडी असते. डाक्टर बाईनं दाखोलं होतं." जरा वेळ ते तसेच राहिले. "मले समजत नाही. तूच पाह्य."

मी खाली बसलो. बोट ठेवलं.

"लागते काय?"

"लागते."

"बरं हाये मंग," म्हणाले, आणि माझी पिशवी उचलून त्यांनी बसमध्ये ठेवली.

पुढच्या पोळ्याच्या आधी ते हृदयविकारानं गेले. स्टँडवरच्या त्या दिवसापासून मी सिगारेट ओढलेली नाही. अजूनही सकाळी चप्पल घालण्याआधी पावलावर बोट ठेवून पाहतो.