विन्सेंट अंकलची भाषांतरं

दोहात रविवारी ऑफिस, म्हणून आमची चर्चची मिसा शुक्रवारी. मिसा आटोपली की आम्ही दहा-बारा वसईकर मदिनत खलीफा भागात विन्सेंट लोपीस अंकलच्या हॉलमध्ये बिर्याणीला जमायचो. पण बिर्याणीआधी त्यांच्या लेकीची, कॅरिनाची ईमेल ऐकावी लागे.

अंकल रास लफानला एका कंपनीत स्टोअरकीपर. पण २००३ साली मुलगी पोर्तुगालला, कोइंब्राच्या सातशे वर्षं जुन्या विद्यापीठात शिकायला गेली आणि हे थेट गव्हर्नरच झाले. "आपलं आडनाव तिथलंच!" म्हणे. हो, आणि वसईची केळी काय लिस्बनहून यायची? कॅरिना लिहायची इंग्रजीत. अंकलची बायको, जोसेफीन आंटी, मराठी चौथी शिकलेली. म्हणून अंकल ऑफिसात छापलेला कागद नाकाशी धरून मराठीत सांगायचे.

"पहिल्याच शुक्रवारी पोरगी चर्चला गेली. इतकं भव्य, की तिला एकटीला अख्खा बाक!"

"अहो अंकल, तिकडे मिसा रविवारी," मी म्हटलं. "दोहाची पोर, सवयीनं शुक्रवारी गेली असेल. रिकाम्या चर्चमध्ये बाक मिळणार नाहीतर काय?"

अंकलनी असं बघितलं, की माझा लेगपीस गेलाच.

पुढच्या ईमेलींत घरमालकीण तिला लेकीसारखी मानायची, थंडी मस्त असायची, विद्यापीठातली काळे झगे घातलेली पोरं तिला गाणी ऐकवायची. आंटी पदराने डोळे पुसत ऐकायची. फोन अंकलच करायचे, तोही ऑफिसातून.

फेब्रुवारीत अंकलचे डोळे आले. लालभडक, घरीच बसून. ऑफिसातला मॅल्कम शुक्रवारी कागद घेऊन आला.

"ठेव तिथे, खलास, पुढच्या आठवड्यात वाचू," अंकल घाईने म्हणाले.

"सिमोना वाचेल की. नर्स आहे, इंग्रजी येतं तिला," म्हणत आंटीने कागद माझ्या हातात दिला.

मी आपली मिरवत उठले. मोठ्याने, मराठीत सुरुवात केली. "मम्मी, खोलीत हीटर नाही. कपडे वाळत नाहीत. घरमालकीण म्हणते, तुमच्या जेवणाचा वास येतो. आपलं आडनाव ऐकून लोक हसतात." मी थांबले. थांबायला हवंच होतं.

"पुढे वाच," आंटी म्हणाली.

"मी तिसऱ्यांदा विचारतेय. परत येऊ का? पप्पा लिहितात, मम्मी नको म्हणते. मम्मी, तू खरंच नको म्हणालीस?"

अंकल लाल डोळ्यांनी जमिनीकडे बघत बसले. इतके दिवस मी त्यांची टिंगल करत होते, त्या क्षणी मला त्यांची शिसारी आली, खरं सांगते.

आंटीने फोन ओढला. कागदाच्या तळाशी कॅरिनाचा नंबर होता, तो मी लावून दिला.

"पप्पा?" पलीकडून आवाज आला.

"पप्पा नाही गं," आंटी म्हणाली. "मी आहे. ये."