राजाला कच्चंच घाला!

नव्या सुनेनं बोलायचं कमी, बघायचं जास्त. शेवगावजवळच्या या घरात मला आठ महिने झाले आणि एवढ्यातच किस्से इतके साठलेत, की कुणाला तरी सांगायलाच हवेत. सगळे राजाच्या जेवणाचे. राजा म्हणजे धाकट्या दिरांनी, संदीपभाऊजींनी हौसेनं आणलेला लॅब्राडोर. हौस त्यांची, ताटली माझ्याकडे. आमचे हे एमआयडीसीत, रविवारपुरते घरी.

*

सासूबाईंच्या गळ्यात माळ. घरात मटण शिजत नाही. भाऊजींनी मोबाईलवरून तोड काढली.

"शिजवायचं कशाला, आई? व्हिडिओत सांगितलंय, कच्चंच घालायचं. कुत्रं मुळात लांडगा हाय!"

आई विचार करून म्हणाल्या, "कच्चं असंल तर चालंल. चूल तर बाटत न्हाई."

आमचा लांडगा कुकरच्या शिट्टीला घाबरून पलंगाखाली जायचा!

*

एकादशीला फ्रीज उघडला. चिकनची पिशवी गळून लाल पाणी भिजवलेल्या साबुदाण्यात उतरलेलं. मी साबुदाणा उकिरड्यावर टाकला.

"अगं, उपासाचं अन्न टाकलंस?" एवढं म्हणून आई दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

पिशवी होती तिथंच. वरच्या कप्प्यात.

*

नणंदबाई दोन वर्षांच्या चिऊला घेऊन माहेरपणाला आल्या. राजा कच्चं चिकन संपवून थेट चिऊचं तोंड चाटायचा. "किती जीव लावतोय बघा!" भाऊजी फोटो काढायचे. मी पोरीचं तोंड धुवायला उठले, की "वहिनींना लई किळस!"

तिसऱ्या दिवशी चिऊला ताप, जुलाब.

डॉक्टरांनी विचारलं, "बाहेरचं काही खाल्लं का?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. घरात बाहेरची मी एकटीच होते.

*

चिऊ बरी झाली. मी गुपचूप जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला.

"कच्च्या मांसात जंतू असतात, ताई. कुत्र्यालाही त्रास, माणसांनाही. उकडून द्या. आणि हाडं अजिबात नकोत, आतडं फाटेल."

भाऊजींना सांगितलं. ते हसले, "डॉक्टरला गिऱ्हाईक पायजे!"

मग मी गोठ्यामागं तीन विटा मांडल्या, चिकन उकडलं, हाडं काढून घातलं. राजानं ताटली लख्ख केली. तेवढ्यात आई आल्या.

"माळकऱ्याच्या घरामागं मटणाचा वास? गाव काय म्हणंल!"

विटा त्याच दिवशी हलल्या. राजाला उकडलेलं खावं लागलं, त्याची भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी भाऊजींनी नळीची हाडं आणून स्वतःच त्याच्यापुढं टाकली.

*

त्यानंतर दोन दिवस राजा जेवला नाही. ओकत होता, पोट दगडासारखं. भाऊजी म्हणाले, "पोट साफ होतंय, व्हिडिओत असंच दाखवलंय." तिसऱ्या दिवशी तो उठेना, तेव्हा कुठं आम्ही त्याला दवाखान्यात नेलं.

फोनवरचे तेच डॉक्टर. एक्स-रे बघून म्हणाले, "हाड अडकलंय. ऑपरेशन करतो, पण जगेलच असं नाही. मालकाची सही लागेल."

भाऊजींचे हात खिशातच. "वहिनींची घ्या. खायला त्याच घालतात."

राजा टेबलावरून माझ्याकडे बघत होता. शेपटी जरा हलली. मी सही केली.

तासाभरानं डॉक्टर बाहेर आले. हातातल्या स्टीलच्या ट्रेमध्ये हाडाचे तुकडे.

"आतडं फाटलं होतं. गेला." मग माझ्याकडे वळले, "फोनवर बजावलं होतं ना, ताई? कुत्रं पाळल्यावर मालकाची काही जबाबदारी असते!"

भाऊजींनी मोठा सुस्कारा सोडला. "मी तरी किती सांगू, डॉक्टर? घरात माझं ऐकतंय कोण!"