मुळे धुताना सुटणारी खाज

अचलपूर तालुक्यात आजवर जितक्या वेळा ‘काहून?’ हा शब्द उच्चारला गेला असेल, त्यातला निम्मा वाटा एकट्या माझ्या मामेसासऱ्यांचा आहे. आम्ही सुना त्यांना मामाजी म्हणतो. धंदा पिढीजात भाजीपाल्याचा. पण चौकशीचा सोस असा, की लग्नाच्या पंगतीत पुरी काहून फुगते हे समजून घ्यायला आचाऱ्याच्या चुलीपाशी जाऊन बसतील. पंगती उठतील, वऱ्हाड निघून जाईल, मामाजी चुलीपाशीच.

गावतळ्यात गुडघाभर पाण्यात उभं राहून मुळे धुतले, की पोटऱ्यांना भयंकर खाज सुटायची, बारीक लाल पुरळ उठायचं. सुटायची सगळ्यांनाच, बाकीचे खोबरेल लावून गप्प बसायचे. मामाजींनी मात्र आठवडाभर डावा पाय तळ्यात आणि उजवा विहिरीच्या पाण्यानं भरलेल्या बादलीत ठेवून मुळे धुतले. खाजला फक्त डावा. “पायात नाई, पान्यात कायतरी हाये,” त्यांनी जाहीर केलं. मामीजी म्हणाल्या, “मले वाटलं, डोक्यात हाये.”

त्याच दिवसांत त्यांचा लाडका बैल भरदुपारी, उभ्या उभ्या, डोळे टक्क उघडे ठेवून घोरायला लागला. गावभर हसू झालं. मामाजीही हसले. पण पुढे त्याच्या नाकातून रक्ताळलेला शेंबूड येऊ लागला, चार पावलांत धाप लागू लागली, तेव्हा ते जेवेनासे झाले. गुरांच्या डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनी नाकात बॅटरी मारून पाहिलं. “नाकाच्या शिरांमध्ये बारीक कृमी आहेत. त्यांची अंडी शेंबडातून तळ्यात पडतात. अंड्यांतून निघालेले जीव गोगलगायीत वाढतात, आणि तिच्यातून बाहेर पडले की पाण्यात उभ्या असलेल्या जनावराच्या कातडीतून आत शिरतात.”

“मंग माह्या पायात बी तेच?”

“तशीच जात. पण माणसाच्या कातडीतच ते मरून जातात, म्हणून नुसती खाज.”

मामाजी घाबरले नाहीत, हळहळले. “बिचारे! चुकीच्या घरात घुसले.”

दुसऱ्या दिवशी तळ्यातल्या चपट्या गोगलगायी काचेच्या ग्लासात घालून त्यांनी उन्हात ठेवल्या. काही वेळानं पाण्यात धुळीसारखे ठिपके वळवळू लागले. भिंगातून ते बघायला अर्धं गाव लोटलं. ढोरांना तळ्यात उतरवू नका, बोअरच्या पाण्याचा हौद बांधू, असं मामाजी एकेकाला अडवून सांगू लागले. एक म्हातारे चिडले, “आमचे ढोरं जल्मभर तयातलंच पानी पेले.”

“आन् जल्मभर घोरले,” मामाजी म्हणाले.

हौद झाला. मामाजी रबरी बूट घालून मुळे धुऊ लागले. इंजेक्शनांनी बैलाचं रक्त थांबलं, घरघर मात्र पुरती गेली नाही. त्याच्या मानेवर पुन्हा जू चढलं नाही. विकायचं नावही कुणी काढलं नाही.

गेल्या हिवाळ्यात मी गेले, तेव्हा मामाजी गोठ्यात बैलाच्या नाकपुडीला कान लावून उभे होते. “आता बरं वाटते का रे तुले?” त्यांनी हळूच विचारलं, आणि त्याच्या गळ्यावर हात ठेवून उत्तराची वाट पाहत राहिले.